लष्करी खर्चाचा जाब विचारणारे नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात एका विशेषणात अडकून पडली आहे. मवाळ हे ते विशेषण. गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाजाचे संस्थापक, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे पुरस्कर्ते, एवढे शालेय पुस्तकातून कळते. आणि टिळकांच्या तेजापुढे फिके पडलेले एक सौम्य गृहस्थ अशी समजूत करून घेऊन विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. या सौम्य गृहस्थाने आयुष्याची शेवटची अठरा वर्षे एका अत्यंत अप्रिय प्रश्नाचा पाठपुरावा केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. युद्ध करावयाचे की नाही हे कोण ठरवितो, त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि ज्याच्या खिशातून जातो त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे की नाही, हा तो प्रश्न होय. साम्राज्य ऐन भरात असताना असा प्रश्न विचारणे म्हणजे आपल्या राजनिष्ठेविषयी संशय ओढवून घेणेच होते. गोखल्यांनी तो विचारला, वर्षानुवर्षे विचारला, आणि सरकारने स्वतः छापलेले आकडे सरकारपुढे ठेवून विचारला.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. आठ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाला पैचा हिशेब शिकवावा लागत नाही.

तो काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. पुढच्या दुष्काळाची तरतूद म्हणून सरकारने १८७८ साली नवे कर बसविले आणि त्यांतून दरसाल दीड कोट रुपये दुष्काळ निवारणासाठी राखून ठेवण्याचे अभिवचन दिले. त्याच वर्षी दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि दुष्काळाच्या नावाने गोळा केलेला पैसा त्या युद्धाच्या खर्चात मिसळून गेला. युद्धाच्या खर्चाचा जो अंदाज सरकारने जाहीर केला होता तो साफ चुकला. प्रत्यक्षात पावणेदोन कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. इंग्लंडने त्यांपैकी पन्नास लाख पौंड दिले आणि उरलेला बोजा हिंदुस्थानच्या रयतेवर पडला. युद्धाचे धोरण लंडनमध्ये ठरले होते, हिशेबाची चूक कलकत्त्यात झाली होती, आणि कर मात्र सोलापूर-विजापूरच्या शेतकऱ्याने भरला होता. गोखल्यांच्या पुढील साऱ्या युक्तिवादाचे बीज या एका प्रकरणात सापडते.

१८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालत होते. परंतु त्यांची खरी शाळा न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी भरत असे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांनी या तरुणाकडे सोपविले. एकेक सरकारी अहवाल वाचावयाचा, त्याचे टिपण करावयाचे, आणि रानड्यांनी खोडले की पुन्हा लिहावयाचे, असा तो अभ्यासक्रम होता. याच वर्तुळात गणेश व्यंकटेश जोशी होते. सरकारी शाळेतले हे शिक्षक अर्थकारणाच्या आकड्यांत असे मुरलेले होते की त्यांच्या तोडीचा अभ्यासक सरकारच्या अर्थखात्यातही विरळा असावा. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना आपले नाव पुढे करता येत नसे. गोखल्यांच्या अनेक भाषणांमागे या शाळामास्तरांनी रात्री जागून काढलेली कोष्टके उभी आहेत. लोकांना गोखले दिसले; जोशी दिसले नाहीत. शिक्षकी पेशाच्या इतिहासात याची नोंद ठळक अक्षरांनी व्हावयास हवी होती.

लंडनमधील दोन दिवस

हिंदुस्थानच्या लष्करी आणि मुलकी खर्चाची चौकशी करण्यासाठी आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात खर्चाची वाटणी कशी असावी हे ठरविण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. साक्षीसाठी १८९७ साली हिंदुस्थानातून चौघे गेले: बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर, मुंबईचे दिनशा वाच्छा, आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले. वयाची एकतीस वर्षेही पुरी न झालेले गोखले त्यांत सर्वांत लहान होते. वाटेत फ्रान्समधील कॅले येथे पडून त्यांच्या छातीला जबर मार बसला. त्यांनी तो काही दिवस कोणाला सांगितलाही नाही. पुढे जन्मभर त्यांची प्रकृती नाजूकच राहिली.

१२ आणि १३ एप्रिल या दोन दिवशी त्यांची साक्ष व उलटतपासणी झाली. हिंदुस्थान गरीब आहे आणि खर्च फार आहे, एवढेच सांगून ते थांबले असते तर त्यांची साक्ष इतर अनेक अर्जांप्रमाणे दप्तरात पडली असती. त्यांचा मुद्दा अधिक खोल होता. खर्च वाढतो याचे कारण राज्यकर्त्यांची उधळी वृत्ती हे नव्हे. खर्चाला आवर घालण्यात ज्याचे हित आहे त्याला राज्यव्यवस्थेत कोठेच जागा नाही, हे खरे कारण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. व्हाइसरॉयच्या मंडळात प्रत्येक खात्याचा माणूस आपापल्या खात्यासाठी पैसा मागतो. इंग्लंडच्या पार्लमेंटात हिंदुस्थानचे अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांसमोर मांडले जाते. कर भरणाऱ्याच्या वतीने बोलणारा या साखळीत कोणीही नाही. यावर त्यांनी उपाय सुचविले तेही नेमके होते: खर्चाच्या बाबींवर कायदेमंडळात दुरुस्त्या मांडण्याचा आणि मत देण्याचा अधिकार, आणि लोकनियुक्त सभासदांच्या तक्रारींची तपासणी करणारी पार्लमेंटची समिती.

लष्करी खर्चाचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. १८५७ च्या उठावानंतर एका गोऱ्या शिपायामागे दोन हिंदी शिपाई असे प्रमाण ठरविण्यात आले. गोरा शिपाई कितीतरी महाग. शिवाय इंग्लंडमध्ये अल्प मुदतीच्या भरतीची पद्धत सुरू झाल्यावर नवे शिपाई वरचेवर पाठवावे लागत, आणि त्यांना तयार करण्यापोटी दर शिपायामागे साडेसात पौंड हिंदुस्थानकडून वसूल केले जात. फौजेचा आकार तरी गरजेनुसार होता काय? १८७९ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने साठ हजार गोरे आणि एक लाख वीस हजार हिंदी शिपाई पुरेसे असल्याचे मत दिले होते. १८८५ साली रशियाने अफगाण सरहद्दीवरील पंजदेह घेतले आणि त्या धास्तीत फौज सुमारे तीस हजारांनी वाढविण्यात आली. व्हाइसरॉयच्या मंडळातील दोन इंग्रज सभासदांनी, अर्थमंत्री ऑक्लंड कॉल्व्हिन आणि विधिमंत्री कोर्टनी इल्बर्ट यांनी, या वाढीविरुद्ध भिन्नमतपत्रिका लिहिली. गरजेपेक्षा मोठी फौज हाताशी असली की ती वापरण्याचा मोह होतो, असा त्यांचा इशारा होता. पंजदेहची धास्ती काही महिन्यांत ओसरली. पण वाढविलेली फौज तशीच राहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर ब्रह्मदेश जिंकण्याची मोहीम निघाली. तिच्या पाठोपाठ १८८६ साली प्राप्तिकर आला आणि १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. मोहिमा संपतात, कर संपत नाहीत, हे गोखल्यांनी याच प्रकरणावरून दाखवून दिले.

चित्रळची कथाही त्याच जातीची होती. १८९५ साली तेथील वेढा उठविण्यासाठी फौज गेली. तेथून परत यावे असा निर्णय जूनमध्ये लंडनच्या उदारमतवादी मंत्रिमंडळाने घेतला. लगेच मंत्रिमंडळ बदलले आणि ऑगस्टमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो फिरविला. रस्ता आणि ठाणी कायम ठेवण्याचे ठरले. लंडनमध्ये कोणता पक्ष निवडून येतो यावर दहा हजार मैलांच्या फेऱ्याने हिंदी शेतकऱ्याचा सारा अवलंबून असावा, ही गोष्ट कोणत्याही हिशेबात बसणारी नव्हती. गोखल्यांनी साक्ष दिली एप्रिल १८९७ मध्ये. जुलै महिन्यात मलाकंदपासून वायव्य सरहद्द पेटली आणि तिराहच्या खर्चिक मोहिमेपर्यंत ते लोण गेले.

आयोगाचा अहवाल १९०० साली आला. बहुमताने हिंदुस्थानला दरसाल अडीच-तीन लाख पौंडांच्या आसपास सवलत देऊ केली. कोट्यवधींच्या बोजापुढे ही रक्कम किरकोळ होती. दादाभाई, सर विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांनी आपला अल्पमताचा अहवाल वेगळा दिला. खर्चावर मत देण्याच्या अधिकाराचा विषय तेथेच मिटला.

त्याच इंग्लंडभेटीच्या शेवटी गोखल्यांवर एक मोठे संकट ओढवले. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी केलेल्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुराव्यासाठी त्यांनी शोध केला. पण रँडच्या खुनानंतरच्या त्या दहशतीच्या दिवसांत कोणी पुढे येईना, आणि पत्रे पाठविणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. भित्रेपणाचा शिक्का बसला तो कायमचा. त्यांनी माफी इतकी सर्वंकष करावयास नको होती, असे आजही म्हणता येईल. जुलूम झाला नव्हता असे कोणीच म्हणत नव्हते. पण या प्रसंगाचा एक परिणाम त्यांच्या पुढील कार्यावर स्पष्ट दिसतो. सरकारवर आरोप करावयाचा तर सरकारच्याच कागदांतून करावयाचा, ऐकीव गोष्टीवर एक शब्दही बोलावयाचा नाही, हा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला.

शिलकीचे रहस्य

१९०२ साली फर्ग्युसनमधून अल्प निवृत्तिवेतनावर मोकळे होऊन ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. हे कायदेमंडळ म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला सांगावयास हवे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. मत देण्याची नव्हती, दुरुस्ती सुचविण्याचीही नव्हती. सारे आकडे आधीच पक्के झालेले असत. भाषणे व्हावीत, सरकारने आभार मानावेत आणि सभा उठावी, असा तो समारंभ होता. त्या वर्षी अंदाजपत्रकात मोठी शिल्लक होती आणि देशाच्या भरभराटीचा तो पुरावा म्हणून मिरविला जात होता. नुकताच १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेलेल्या देशात ही भरभराट आली कोठून?

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी त्याचे उत्तर दिले. रुपयाचा भाव १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर घसरला होता. विलायतेत भरावयाच्या एका पौंडासाठी साडेअठरा रुपये मोजावे लागत, म्हणून कर वाढविण्यात आले. पुढे टांकसाळी बंद ठेवून रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर नेण्यात आला, तेव्हा तोच पौंड पंधरा रुपयांत पडू लागला. भार हलका झाला, पण त्यासाठी बसविलेले कर उतरविले नाहीत. शिल्लक उरली ती यामुळे. शेतकऱ्याच्या घरात धान्य आले म्हणून नव्हे, तर सरकारने गरजेपेक्षा अधिक वसूल केले म्हणून तिजोरी भरली होती. महाविद्यालयाच्या वर्गात सांगावी तितक्या शांतपणे त्यांनी ही उकल सांगितली आणि मग विचारले की जास्तीचा पैसा जातो कोठे. त्यातला मोठा वाटा लष्कराकडे जात होता.

याच सुमारास बोअर युद्धासाठी आणि चीनमधील बंडासाठी हिंदुस्थानातून हजारो शिपाई परदेशी पाठविण्यात आले होते. एवढी फौज दीर्घकाळ बाहेर राहूनही सरहद्द सुरक्षित राहते, तर ती फौज हिंदुस्थानच्या संरक्षणासाठी लागते असे म्हणता येत नाही, हा गोखल्यांचा तर्क बिनतोड होता. ती साम्राज्याची राखीव फौज होती. मग तिचा खर्च साम्राज्याने द्यावा. उलट घडले असे की इंग्लंडने १९०२ साली आपल्या शिपायांचे पगार वाढविले आणि हिंदुस्थानचा सल्लाही न घेता दरसाल सुमारे ७ लाख ८६ हजार पौंडांचा बोजा येथील तिजोरीवर टाकला.

या भाषणांचा उपयोग झाला काय? कर कमी करण्याच्या बाबतीत काही अंशी झाला. मिठावरचा कर १९०३ साली मणामागे दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया असा उतरत गेला. प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. त्या काळच्या कारकुनांना आणि मास्तरांना तिचा लाभ झाला. लष्कराच्या बाबतीत मात्र एक शिपाईही कमी झाला नाही.

कमी होण्याचे तर दूरच राहिले. १९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनेर सरसेनापती म्हणून आले. नऊ डिव्हिजन एकदम सरहद्दीवर उभ्या करता येतील अशी फौजेची फेरमांडणी करण्याची त्यांची योजना होती आणि तीसाठी कोट्यवधी रुपये लागणार होते. शत्रू अर्थातच रशिया. १९०३-०४ साली यंगहजबंड यांची तुकडी तिबेटात शिरली तीही रशियाच्या संशयावरून. गुरू या ठिकाणी ३१ मार्च १९०४ रोजी जुनाट बंदुका-तलवारी घेतलेले सहा-सातशे तिबेटी माणसे यंत्रतोफांच्या माऱ्यात पडले. रशियाचा मागमूस ल्हासात कोठे सापडला नाही. हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीपलीकडच्या मोहिमांसाठी पार्लमेंटच्या संमतीवाचून वापरू नये, असे १८५८ च्या कायद्यात कलम होते. फौज पुढे गेल्यावर पार्लमेंटने संमती दिली आणि कलमाचा मान राखला गेला. काँग्रेसने त्या वर्षीच्या मुंबई अधिवेशनात या खर्चाचा निषेध केला.

१९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, आणि इंग्लंड-जपान तहाचा करार नव्याने होऊन त्याच्या कक्षेत हिंदुस्थानही आला. मार्च १९०६ च्या भाषणात गोखल्यांनी नेमके येथे बोट ठेवले. ज्या शत्रूच्या नावाने योजना आखली तो शत्रू पराभूत होऊन पडला आहे. मग योजना स्थगित का होत नाही? लष्करी खर्च १८८४-८५ साली सुमारे अठरा कोटी रुपये होता तो बत्तीस कोटींवर पोहोचला होता. साऱ्या देशाचा शेतसारा एकत्र केला तरी तो त्याला पुरा पडत नव्हता. त्याच वेळी, सरकारच्याच कागदपत्रांप्रमाणे, पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नव्हती. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडने खुद्द रशियाशीच करार केला. भीतीचे कारण कागदोपत्रीही उरले नाही. खर्च मात्र वीस वर्षांपूर्वीच्या पातळीवर आला नाही. संकट आले की खर्च वाढतो, आणि संकट टळले की तो वाढलेला खर्चच नेहमीचा खर्च ठरतो. सरकारी वित्तव्यवहाराच्या या नियमाला पुढे अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मोठी नावे मिळाली, पण गोखल्यांनी तो कलकत्त्याच्या सभागृहात उदाहरणांसह मांडून ठेवला होता.

गोखले शांततावादी नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. देशाला सैन्य असू नये असे त्यांनी कधी म्हटले नाही. हिंदी तरुणांना अधिकारपदे मिळावीत, इतर देशांप्रमाणे नागरिकांतून राखीव दल उभे करावे, म्हणजे खर्चिक खडी फौज लहान ठेवता येईल, अशी त्यांची मागणी होती. स्वतःच्याच प्रजेवर विश्वास नसलेल्या सरकारला संरक्षण महाग पडते, हा त्यातला मथितार्थ. त्यांची एक मर्यादाही सांगावयास हवी. त्यांच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी नेहमी करदाता असे. तिराहमध्ये जाळलेल्या गावांचे किंवा गुरूच्या मैदानावर पडलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात क्वचितच डोकावतो. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांची श्रद्धा होती आणि ती अनेकदा अनाठायी ठरली. आकड्यांनी सरकार हलत नाही, हे त्यांच्या जहाल टीकाकारांचे म्हणणे लष्करी खर्चापुरते तरी खरे निघाले. मात्र सरकार हलले नाही म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पुढच्या पिढीने सरकारवर जे आरोपपत्र ठेवले त्यातले बरेचसे या भाषणांतून उचललेले होते.

मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ नंतर सभासदांना अंदाजपत्रकावर ठराव मांडता येऊ लागले. पण लष्कराची बाब त्यातून वगळण्यात आली. जेथे खर्च सर्वाधिक, तेथेच तोंड बंद. गोखले मग शिक्षणाकडे वळले. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; मुलांच्या सक्तीच्या शिक्षणासाठी कालांतराने वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास जादा खर्च येईल, असा त्यांचा अंदाज होता. पैसा नाही, असे उत्तर मिळाले. वीस वर्षांत लष्करासाठी वर्षाला चौदा कोटींची वाढ ज्या तिजोरीने सोसली, तिला हे साडेचार कोटी जड झाले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा दौरा झाला, नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम आले, आणि प्रकृती ढासळत गेली. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते युरोपात होते. सप्टेंबरमध्ये वरिष्ठ कायदेमंडळाने परदेशी पाठविलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा खर्च हिंदुस्थाननेच सोसावा असा ठराव केला, आणि हिंदी सभासदांनी तो उत्साहाने उचलून धरला. फौज बाहेर वापरावयाची आणि तिचा पगार येथून द्यावयाचा, या ज्या प्रथेविरुद्ध १८९७ साली लंडनमध्ये साक्षी झाल्या होत्या, तिलाच सतरा वर्षांनी आपल्या हातांनी संमती देण्यात आली. नोव्हेंबरात गोखले परतले ते थकलेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकोणपन्नासही पुरे नव्हते. स्मशानात टिळक बोलले आणि विरोध विसरून त्यांनी त्यांचा गौरव केला.

त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी जाबाचा प्रश्न अनपेक्षित रीतीने उभा राहिला. हिंदुस्थान सरकारने चालविलेल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे सुमारे तेरा हजार गोऱ्या आणि हिंदी शिपायांना शरण जावे लागले. जखमींना औषध नव्हते, बोटी नव्हत्या. इंग्लंडमध्ये गहजब झाला, चौकशी आयोग बसला. युद्धापूर्वीच्या काटकसरीवरही त्याने ठपका ठेवला, आणि गोखल्यांच्या टीकाकारांना तो आधार वाटला. पण त्याच आयोगाने सरसेनापती आणि लष्करी सभासद ही दोन्ही पदे एकाच माणसाच्या हाती देणाऱ्या किचनेर पद्धतीवरही दोष ठेवला आहे. दहा वर्षे वर्षाला तीस कोटींच्या आसपास खर्चूनही जखमींना बोट मिळत नाही, तर प्रश्न पैशाच्या कमतरतेचा असतो की तो कसा खर्च होतो हे कोणी पाहत नसल्याचा, याचा वाचकांनीच विचार करावा. जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हिंदी फौजेच्या युद्धाबद्दल मंत्र्याने पद सोडल्याचा हा विरळा प्रसंग. पण तो राजीनामा वेस्टमिन्स्टरला देण्यात आला होता. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडला दहा कोटी पौंडांची युद्धदेणगी देण्यात आली.

१९१९ च्या कायद्यानेही संरक्षणखर्च कायदेमंडळाच्या मताबाहेर ठेवला, आणि १९३५ च्या कायद्यानेही. राज्यघटना अमलात आली तेव्हा कोठे संरक्षण खात्याच्या मागण्या लोकनियुक्त सभागृहाच्या मताला आल्या. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि लोकलेखा समिती यांच्या रूपाने, १८९७ साली गोखल्यांनी मागितलेली तपासणीची यंत्रणा भारताला मिळाली. मागण्या आता दरसाल लोकसभेपुढे येतात. अनेक वर्षी वेळ अपुरा पडल्याच्या कारणास्तव त्या इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर एकत्रित मताला टाकल्या जातात आणि चर्चेविना संमत होतात.